अर्ध्या मिनिटाचा तुकडा

बडोदे, १८ जानेवारी २०२६

अनिश,

आईचा फोन तू उचलतोस, माझा नंबर मात्र ब्लॉक केलास. म्हणून हे पत्र, अहल्यामावशीच्या कोल्हापूरच्या पत्त्यावर. मावशी म्हणाली, तू दिवसभर तिच्या सायकलच्या दुकानात बसतोस, गिऱ्हाइकांशी नीट बोलतोस, फक्त घरचा विषय निघाला की उठून आत जातोस. तर हे पत्र निदान आत नेऊन वाच.

त्या दिवशी तू माझ्या फिल्मच्या खेळातून अर्ध्यात उठून गेलास, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. फिल्म संपल्यावर लोक उभे राहिले रे. पुराचा भाग आला तेव्हा माझ्या मागच्या बाई चक्क हुंदके देत होत्या. तू सांगतोस ना, "पाणी कंबरेला लागत होतं, डोक्यावर दुधाच्या पिशव्यांचा क्रेट होता. आमचे दलप्रमुख गजेंद्रभाई म्हणाले, या गल्लीत नाही, हे लोक आपले नाहीत, पुढच्या गल्लीत चल. गल्लीच्या तोंडावर एक म्हातारी हात पुढे करून उभी होती. मी पुढच्या गल्लीत गेलो." एवढं बोलून तू गप्प बसतोस, तिथे सगळं सभागृह गप्प झालं. नंतर कितीतरी जण विचारत होते, तुमचा भाऊ कुठे आहे, त्याला भेटायचंय. वज्र युवा दलात तीन वर्षं काढलेला मुलगा स्वतःच्या तोंडाने हे सगळं सांगतो, हे लोकांना नवीन होतं.

तू उठलास तो कमाटीबागेतला, तुझ्या मोबाइलवरचा तुकडा आला तेव्हा. माझ्या कानाशी फक्त एवढंच म्हणालास, "ताई, हे दाखवायचं नव्हतं." मला वाटलं, बाहेर जाऊन पाणी पिऊन येशील. दुसऱ्या दिवशी उठले तर तुझी बॅग नव्हती.

तो तुकडा तू मला देताना बजावलं होतंस, की तुला समजावं म्हणून दाखवतोय, फिल्मसाठी नाही. मला आठवतं. पण तो जेमतेम अर्ध्या मिनिटाचा आहे, अनिश. बाकावरच्या त्या मुलीचा चेहरा मी धूसर केला, मुलाचाही केला. नाव कुठेही नाही. दलाची पोरं भोवती उभी आहेत आणि मोबाइल तुझ्या हातात आहे, एवढंच कळतं. आणि तो घालायचा आग्रह विहंगचा होता. तो म्हणाला, तुझा भाऊ नुसता बोलतोय, त्याने काय केलं ते दिसल्याशिवाय त्याच्या दल सोडून येण्याला किंमत नाही. मी नको म्हणत होते. पण छायाचित्रण त्याचं, मेहनत त्याची, किती ताणणार?

आई उत्तरायणाला पतंग बघायला गच्चीवर आलीच नाही. उंधियू केला आणि सगळा शेजारी देऊन टाकला. मी विचारलं तर म्हणाली, "दोघांतलं एक घरात नाही आणि दुसरं घरात असून नाही, कोणासाठी वाढू?"

राग ओसरला की फोन कर.

तुझी
ताई


बडोदे, ९ फेब्रुवारी २०२६

अनिश,

तुझं उत्तर नाही. मावशी म्हणाली, पत्र पोचलं आणि तू ते उघडलंस. तेवढ्यावर हे दुसरं लिहिते आहे, कारण हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

काल दुपारी अलकापुरीतल्या आमच्या एडिटिंगच्या खोलीत गजेंद्रभाई आले. एकटेच. मला वाटलं, आता तोडफोड होणार, म्हणून मी विहंगला फोन लावायला घेतला. तर ते हसत हसत खुर्ची ओढून बसले. "केम छो, ईशानीबेन?" म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा पुढे केला.

"फिल्म सरस छे," ते म्हणाले. मग हिंदीवर आले. "आपने तो हमारा काम कर दिया."

त्यांनी मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. त्यात बागेचा तो तुकडा होता. आपल्या पडद्यावरून कोणीतरी फोनने उतरवून घेतलेला. वर दलाचं बोधचिन्ह, खाली ढोलताशाचं संगीत, आणि तुकडा संपल्याबरोबर टाळ्या. माणसं उभी राहून टाळ्या वाजवतायत. अनिश, त्या आपल्या सभागृहातल्या टाळ्या होत्या. फिल्म संपल्यानंतरच्या. त्यांनी मधली सगळी फिल्म कापून टाकली, तू जे जे बोललास ते सगळं, आणि बाक आणि टाळ्या एकमेकांना जोडल्या. बघणाऱ्याला वाटेल, बडोद्याचे लोक त्या पोरांसाठी उभे राहिले.

"हमारे पास तो ये बचा ही नहीं था," ते म्हणाले. "लडकी के पिताजीने बहोत चक्कर काटे थे, तब निकालना पडा था. अब आपने दिया है, तो हम कैसे ना लें?"

मी म्हटलं, "हे काढा. आत्ताच्या आत्ता."

"मैं निकाल दूँ, बाकी सब?" ते म्हणाले. "अब तो सबके फोन में है, बेन." जाताना दारात थांबून म्हणाले, "अनिश को बोलना, घर का दरवाजा खुला है. हमारा ही लडका है."

हे ते मनापासून म्हणाले. मला त्याचीच जास्त भीती वाटली. बाबांना हॉस्पिटलात रक्त लागत होतं तेव्हा याच माणसाने तासाभरात पोरं उभी केली होती, तुझ्या शेजारी बाकावर बसून राहिला होता, आणि मी पुण्यात फिल्म शिकत होते, दोन दिवसांनी आले. तू दलात का गेलास हे मी फिल्ममध्ये इतक्या जणांना विचारलं. मी कुठे होते, हा प्रश्न मात्र फिल्ममध्ये नाही.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. त्यांनी पुडा पुढे केला तेव्हा मी पेढा घेतला. ते गेल्यावरही तो माझ्या हातात होता.

ताई


बडोदे, २६ फेब्रुवारी २०२६

अनिश,

मृदुलाचा फोन आला होता. नंबर अनोळखी होता, पण तिने "हॅलो" म्हटल्याबरोबर मी ओळखलं. तो आवाज मी एडिटिंगच्या टेबलावर इतक्या वेळा पुढे-मागे केलाय, की गर्दीतसुद्धा ओळखला असता. तिला मात्र वाटलं, मला ओळख करून द्यावी लागेल. "मी बागेतल्या व्हिडिओतली," असं म्हणाली. स्वतःची ओळख म्हणून तिला हे सांगावं लागलं.

मी बडोद्याजवळ पादऱ्याला गेले. तू तिला भेटलास त्याच शाळेच्या मागे तिची खोली आहे. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा ओरडेल. तिने चहा केला. साखर किती, विचारलं. मग समोर बसली आणि म्हणाली, "चेहरा झाकलात, आवाज का नाही झाकलात?"

तीच पुढे सांगू लागली.

"सातवीची मुलं मला काय म्हणतात माहितीये? मी फळ्याकडे वळले की मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणतं, 'भाई, जवा दो ने.' सगळा वर्ग हसतो. माझ्यासारखंच म्हणतात, हेल काढून. पोरांना कळतही नाही ती काय म्हणतायत."

तुकड्यात तिचं तेवढंच वाक्य आहे. भाई, जाऊ द्या ना. आणि त्याच्या आधी तुझं, "नाम बोल, नाम!" आणि तुझं हसणं.

मुख्याध्यापिकेने तिला बोलावून घेतलं होतं. वाईट बोलली नाही, म्हणे. पालक फोन करतायत, थोडे दिवस घरी राहा, वातावरण निवळू दे. "दोन वर्षांपूर्वी बडोद्याच्या शाळेतही हेच वाक्य होतं," मृदुला म्हणाली. "वातावरण निवळू दे. ते निवळलं नाही, म्हणून मी इथे आले."

मी विचारलं, तुझ्याबरोबर होता तो मुलगा आता कुठे असतो? विचारलं आणि लगेच जीभ चावली. ती शांतपणे म्हणाली, "इम्तियाज सुरतला गेला. आमचं काय होतं, हे मी पोलिसांना सांगितलं नाही, बाबांना सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. सेव-उसळ खात होतो एवढं लिहून घ्या."

मग तुझा विषय निघाला. तू तिला भेटायला तीनदा गेलास हे तू कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतंस. दोनदा तिने शिपायाकरवी घालवून दिलं, हेही. तिसऱ्यांदा काय बोलणं झालं, ते तू सांगितलं नव्हतंस. तिने सांगितलं. "मी त्याला एकच विचारलं, तुझ्याकडे ते अजून आहे का? तो म्हणाला, नाही, सगळीकडून पुसलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट झोपले."

मी म्हटलं, "त्याने एक प्रत ठेवली होती. विसरू नये म्हणून, असं तो मला म्हणाला."

"त्याला विसरायचं नव्हतं, तर त्याने स्वतःचा फोटो ठेवायचा," ती म्हणाली. "माझा कशाला?"

हे तुला लागेल म्हणून लिहायचं की नाही याचा विचार केला. पण तिने मला सांगितलं, ते तुझ्यापर्यंत जावं असं तिला वाटत असणार. तू खोटं बोललास हे तिला माझ्यामुळे कळलं. मी तो तुकडा वापरला नसता, तर ते खोटं तुझ्याजवळच राहिलं असतं, तिला त्याची झळ लागली नसती. तू तिला एक झोप दिली होतीस. ती मी काढून घेतली.

निघताना ती म्हणाली, "तक्रार करायची आहे. त्यांच्यावर. माझ्याबरोबर याल?"

मी हो म्हणाले.

ताई


बडोदे, १४ मार्च २०२६

अनिश,

आधी एक खोटं दुरुस्त करते. पहिल्या पत्रात मी विहंगचं नाव घेतलं होतं. तो तुकडा घालायला विहंगने विरोध केला होता. आमचं जोरात भांडण झालं, त्याने दोन दिवस तोंड दाखवलं नाही. तो म्हणत होता, मुलाने नको सांगितलंय, विषय संपला. मी म्हणत होते, याच्याशिवाय फिल्म नुसती बडबड आहे. मी म्हणाले होते, तो माझा भाऊ आहे, त्याचं मी बघते. आवाज मी ठेवला, कारण त्यात तुझं हसणं होतं. लोकांनी ते हसणं ऐकावं आणि मग पुरातला तुझा चेहरा बघावा, असं मला वाटत होतं. कापताना मला फार बरोबर वाटलं होतं ते. तिचा आवाज त्याच ध्वनिपट्टीवर होता, वेगळा काढता आला नाही. खरं म्हणजे मी काढून बघितलाच नाही.

केरळमधल्या एका मोठ्या महोत्सवाचं पत्र आलं होतं, फिल्म निवडली गेली म्हणून. विहंग म्हणाला, तुकडा काढून पाठवू. मी आठवडाभर त्यावर झुलत राहिले, हेही तुला कळू दे. मग त्यांना 'नको' असं कळवलं. त्याने फिल्ममधून सगळीकडचं आपलं नाव काढून घ्यायला सांगितलं आहे. भांडला नाही. "तुझ्याबरोबर पुन्हा काम करायला मला वेळ लागेल," एवढंच म्हणाला.

काल मृदुला आणि मी सायबर शाखेत गेलो. समोर एक पोलीस अधिकारी बाई होत्या, तरुण, नीट ऐकून घेणाऱ्या. दलाने टाकलेला व्हिडिओ त्यांनी पाहिला, टाळ्यांचं आम्ही समजावलं. मृदुला एकेक गोष्ट न अडखळता सांगत होती. मग त्या बाईंनी मला विचारलं, "मूळ व्हिडिओ कोणी काढलेला आहे?"

मी मृदुलाकडे पाहिलं.

"तुमच्या फिल्ममध्ये आहे म्हणजे कोणीतरी दिला असेल ना?"

मृदुला माझ्याकडे बघत होती. तिला नाव ठाऊक आहे. ती सांगू शकली असती. तिने सांगितलं नाही, मी सांगते का ते बघत राहिली.

मी म्हटलं, "मला एका माणसाला विचारावं लागेल."

बाहेर आल्यावर मृदुला म्हणाली, "मला कधी कोणी विचारलं नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "तरी विचारा. पण लवकर."

म्हणून विचारते. तुझं नाव दिलं तर तुझ्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. मी वकीलबाईंशी बोलले. तू दल सोडलंस, माफी मागितलीस, याचा विचार होईल, पण होईलच असं त्या म्हणाल्या नाहीत. नाव नाही दिलं, तर गजेंद्रभाईंचा वकील पहिल्या दिवशीच म्हणेल की हा व्हिडिओ फिल्मवालीनेच रचलेला आहे, आणि मृदुलाची तक्रार तिथेच लटकेल.

मी तुला काय कर ते सांगणार नाही. फिल्म करताना मी तुला सारखं सांगत होते, इथे बस, इकडे बघ, ते वाक्य पुन्हा म्हण. "पुन्हा म्हण, जरा थांबून," हे मी त्या म्हातारीच्या वाक्यालासुद्धा म्हटलं होतं. लोक रडले ते तुझ्या तिसऱ्या वेळेच्या बोलण्यावर. पहिल्या वेळी तू स्वतः रडला होतास, आणि मी म्हणाले होते, प्रकाश नीट नाही.

आईला मी सगळं सांगितलं. तिने तो तुकडा बघायला मागितला. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "सगळ्या गावाने बघितला, आईने नको?" तिने एकदाच बघितला. मोबाइल उलटा ठेवून म्हणाली, "हसतोय तो माझ्या बाळासारखाच हसतोय." मग स्वयंपाकघरात गेली आणि कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी तिने गॅस बंद केला नाही.

पत्राचं उत्तर नको असेल तर आईला फोनवर फक्त हो किंवा नाही सांग.

ताई


बडोदे, ११ एप्रिल २०२६

अनिश,

तू येऊन गेलास हे मला आईने सांगितलं. हो किंवा नाही काहीच न कळवता तू थेट स्टेशनवरून सायबर शाखेत गेलास, दिवसभर बसून जबाब दिलास, स्वतःचं नाव दिलंस, गजेंद्रभाईंचं दिलंस, कोणी कुठे उभं राहायचं हे कोण ठरवायचं ते सांगितलंस. संध्याकाळी घरी येऊन जेवलास. आईने विचारलं, ताईसाठी थांबतोस का, ती आठपर्यंत येते. तू नको म्हणालास. आईने मला हे जसंच्या तसं सांगितलं, आणि मीही तिला पुढे काही विचारलं नाही.

इथली हकीकत सांगते. दलाच्या पानावरून व्हिडिओ गेला. लोकांच्या फोनमधून जाणार नाही, ते गजेंद्रभाई खरं बोलले होते. त्यांना चौकशीला बोलावलं होतं. पोरं बाहेर घोषणा देत होती, म्हणे. तुला अटक होणार नाही, पण बोलावतील तेव्हा यावं लागेल, हे वकिलांनी तुला सांगितलंच असेल.

मृदुला शाळेत परत गेली. मुख्याध्यापिकेने बोलावलं नव्हतं, तीच गेली. सातवीच्या वर्गात उभी राहून तिने मुलांना सांगितलं, "तुम्ही जे वाक्य म्हणता ते मी म्हटलं होतं. मला भीती वाटत होती तेव्हा. आता ज्याला म्हणायचंय त्याने पुढे येऊन, माझ्याकडे बघून म्हणावं." कोणी आलं नाही. एक मुलगी रडायला लागली, तर उरलेला तास तिची समजूत काढण्यात गेला. फोनवर हे सांगताना मृदुला हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणाली, "याची फिल्म करू नका हं." गंमत होती की नाही, कळलं नाही. मी म्हटलं, नाही करणार.

माझा जबाब परवा झाला. त्यासाठी बाहेर बाकावर बसले होते. शेजारी एक वयस्क गृहस्थ होते, पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. खूप उकडत होतं. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी माझ्यापुढे धरली. मराठी वाटलात, म्हणाले. मी पाणी प्यायले. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही आमच्या मृदुलाच्या शाळेतल्या का?"

ते उदयसिंहराव होते. तिचे वडील. तो पहिला व्हिडिओ दलाच्या पानावरून उतरवायला लावण्यासाठी ज्यांनी दलाच्या कचेरीचे उंबरे झिजवले, ते.

मला हो म्हणता आलं असतं. मी क्षणभर तसा विचार केला, हे लपवत नाही. मग म्हटलं, "नाही. ती फिल्म मी केली. अनिश माझा भाऊ."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. हळूहळू, शेवटपर्यंत फिरवून. मी उठून दुसरीकडे बसावं का, असं मनात येत होतं, पण तेही पळून जाण्यासारखं वाटलं.

मग तेच म्हणाले, "तुमचे बंधू त्या दिवशी इथेच भेटले. जबाब देऊन बाहेर आले आणि माझ्या पाया पडायला वाकले. मी पाय मागे घेतले."

मी मान खाली घातली.

"घरी गेल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, का मागे घेतलेत? पोरगा स्वतःहून आला होता. मला सांगता येईना. रागाने घेतले म्हणावं, तर त्या वेळी राग नव्हता. काय होतं, कोण जाणे. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. बसलो की पाय आपोआप मागे जातात."

आतून माझं नाव पुकारलं. मी उठले, आणि मग थांबून त्यांना विचारलं, "हे मी त्याला कळवलं तर चालेल?"

त्यांनी वर पाहिलं. घाई केली नाही. शिपाई दारात उभा होता, त्यालाही त्यांनी हाताने थांबायला सांगितलं.

"कळवा," ते म्हणाले. "पण मी माफ केलं असं लिहू नका. तसं झालेलं नाही."

म्हणून तसं लिहीत नाही. त्यांनी सांगितलं तेवढंच लिहिलं आहे.

ईशानी